तुला, १९३५ आणि एक इंग्रजी ठसा

मंडळी, गेल्या नोंदीत मी एक गोष्ट बेधडक ठोकून दिली होती, ती आधी मागे घेतो. माझ्या नव्या जुन्या रशियन रायफलीवरचा ‘मेड इन यूएसएसआर’ हा ठसा मी सोव्हिएत कारखान्याचा निर्यातीचा शिक्का समजत होतो. रशियातल्या तुला शहरातल्या बंदुकांच्या कारखान्याला १९३५ साली इंग्रजी शब्द ठोकायची काय हौस आली होती, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. (‘तुला’ हे नाव मराठीत लिहिताना दर वेळी वाटतं, कोणाला तरी काही देऊ करतोय.)

रायफल मोसिन-नागां ९१/३०, सोव्हिएत सैनिकांची जुनी बोल्टची बंदूक. इथे ओहायोत एका घरगुती लिलावात मिळाली. परवान्याच्या वहीत क्रमांक चढवला आणि तळघरातल्या टेबलावर आणून ठेवली. कॉस्मोलिनचा, म्हणजे साठवणीत गंज लागू नये म्हणून बंदुकांना फासतात त्या घट्ट ग्रीसचा, थेंब नाही. शंकेची पाल तिथेच चुकचुकायला हवी होती. माझी दुसरी ९१/३०, इझेव्हस्क या दुसऱ्या सोव्हिएत कारखान्याची, १९४३ ची, आली तेव्हा मधात बुडवल्यासारखी होती. दस्त्यावर चकचकीत शेलॅक, जुने क्रमांक खोडून बोल्टवर आणि तळपट्टीवर नवे मारलेले, आणि तिरकी रेघ मारलेला चौकोन, म्हणजे सोव्हिएत आगारातल्या दुरुस्तीची खूण. या नवीवर तो चौकोन शोधून सापडला नाही.

ठसे वाचायला खडू चोळून पाहिला, पण अक्षरं झिजलेली, ५ आणि ६ सारखेच दिसायला लागले. मग ट्रेसिंग पेपर ठेवून वरून पेन्सिल घासली. ही वरून डोकावून म्हणाली, “लहानपणी चार आण्यावर करायचास, तेच करतोयस.” पण कागदावर सगळं उतरलं: पाच टोकांचा तारा, त्यात बाण. खाली १९३५ आणि त्याला चिकटलेलं रशियन ‘ग’, म्हणजे ‘गोद’, वर्ष. तारा आणि आकडे एका रेषेत, खोली सारखी. इंग्रजी ओळ मात्र तिरकी, ‘एस’ वर सरकलेला, एक टिंब जवळजवळ नाहीच. तो हात वेगळा, ती हातोडी वेगळी, काळही वेगळा.

मग वाचत बसलो. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात परदेशी मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असावं, असं कलम आहे. म्हणजे ही ओळ रशियाची नाही, अमेरिकन कस्टमच्या समाधानासाठी मारलेली. शिवाय १९६८ चा बंदूक कायदा आल्यावर आयातदाराचं नाव, शहर आणि राज्यही कोरावं लागतं. इथे तसलं काहीच नाही, म्हणून ही १९६८ च्या आधी आली असं मी धरतो. त्या कायद्याने लष्करी जुनी हत्यारं आणणं बंदच झालं होतं, ते ऐंशीच्या दशकात पुन्हा सुरू झालं.

वाट कुठली? स्पेनची, असा माझा कौल. तिथल्या यादवी युद्धात सोव्हिएत हत्यारं १९३६ च्या ऑक्टोबरपासून प्रजासत्ताकाकडे जात होती. प्रजासत्ताक युद्ध हरल्यावर ती विजयी जनरल फ्रँकोच्या कोठारांत गेली आणि पुढे व्यापाऱ्यांनी उचलली. या ठशाच्या बंदुका संग्राहक त्याच खात्यात टाकतात. माझ्या दस्त्याच्या पट्ट्याच्या खाचेत तारेचं कडं आहे, तेही त्यातलंच मानतात. मी ते आधी कुणा शेतकऱ्याचा जुगाड समजून कापायला निघालो होतो. पक्कड हातात होती!

इझेव्हस्कच्या नळीवर आयातदाराचा पत्ता जाहिरातीसारखा कोरलाय आणि आपण सगळे त्याला नाकं मुरडतो. ३० जानेवारी २००२ पासून तो निदान ०.००३ इंच खोल हवा, साधारण वहीच्या कागदाच्या जाडीइतका. कुरूप आहे, कबूल. पण तिची वाट सांगणारा तेवढाच एक कागद तिच्या अंगावर आहे, आता मी त्याला शिव्या देत नाही.

राहिलंय ते रिसीव्हरच्या, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या भागाच्या, शेपटीखालचं साल. ते १९३५ निघालं तर नळी आणि रिसीव्हर एका वर्षाचे. मागचा स्क्रू हलत नाही, डोकं आधीच कुणीतरी चुकीच्या पेचकसने खाल्लंय. तेल सोडून ठेवलंय. शनिवारी पुन्हा बघतो.