मेंदूतील स्टेरॉइड मोजताना

मेंदूच्या ऊतीतील स्टेरॉइड संप्रेरके मोजण्याच्या कामात बरीच वर्षे गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. आकड्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच बहुतांशी ठरलेले असते.

१९८१ मध्ये फ्रेंच संशोधक एतिएन-एमिल बोल्यू यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत डीएचईए सल्फेट (डीएचईए या स्टेरॉइडला सल्फेट गट जोडलेले रूप) असल्याचे दाखवले. वृषणे आणि अधिवृक्क ग्रंथी काढल्यावरही ते मेंदूत टिकून होते, आणि त्यातूनच मेंदू स्वतः स्टेरॉइड घडवतो ही कल्पना रुजली. त्या काळी भिस्त रेडिओइम्युनोअसेवर, म्हणजे प्रतिपिंड आणि किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने रेणू मोजण्याच्या पद्धतीवर होती. प्रतिपिंड रेणूचा आकार ओळखतो, पण सारख्या आकाराच्या दुसऱ्या रेणूलाही चिकटतो. शिवाय सल्फेट थेट न मोजता, ते तोडून सुटलेले स्टेरॉइड मोजण्याचा प्रघात होता. पुढे रेणूंना वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरने न तोडता मोजल्यावर उंदराच्या मेंदूत प्रेग्ननोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडचे सल्फेट अत्यल्प किंवा नगण्य आढळले, आणि कोलेस्टेरॉलच्या ऑक्सिडीकरणातून प्रेग्ननोलोन प्रक्रियेदरम्यानच तयार होऊ शकते, हे ध्यानात आले.

याचे मूळ ऊतीच्या स्वभावातच आहे. मेंदूत कोलेस्टेरॉल दर ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये असते, तर ही स्टेरॉइड नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे फरक लाखो पटींचा! मिथेनॉलमध्ये घोटलेली ऊती सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचे द्रव नितळ दिसते, पण नायट्रोजनच्या झोताखाली ते सुकवले की नळीच्या कडांना मेणचट थर धरतो. तो पुढे जाऊ दिला, तर यंत्रातील संकेत दबतो. म्हणून सी-१८ स्तंभातून (मेदासारखे रेणू धरून ठेवणारे भरण असलेल्या नळीतून) स्टेरॉइड अशा बेताच्या मिथेनॉलने उतरवावी लागतात, की कोलेस्टेरॉल मागेच राहावे. ड्युटेरियमयुक्त इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे जड हायड्रोजनने खूण केलेले त्याच स्टेरॉइडचे ठरावीक प्रमाण, मी ऊती घोटण्यापूर्वीच घालते, कारण नंतर घातल्यास आधीची गळती कधीच दिसत नाही.

यंत्रही सर्वज्ञ नाही. टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए या दोहोंचे रेण्वीय वस्तुमान २८८ च आहे, त्यामुळे क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे यंत्राआधी रेणू स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढण्याच्या पायरीत, ते वेगळे झालेच पाहिजेत.

प्रत्येक खेपेला मी ऊतीविना, केवळ शुद्ध कोलेस्टेरॉल घातलेली एक नळी सर्व पायऱ्यांतून नेते. तिच्यात प्रेग्ननोलोनचा संकेत उमटला, तर त्या दिवशीचे प्रेग्ननोलोनचे आकडे मी वहीत उतरवत नाही.