वर्गणी जमली, ठरावाला वेळ लागला

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आमच्या धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातली इतकी घरं झालीत, की कानबाई देवीच्या सणाचे रोट आले की सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सुरतेतलं आमचं गावकऱ्यांचं मंडळ आधी आजारपण आणि मयतीच्या खर्चापुरतंच होतं. मग गावच्या पाझर तलावातला गाळ काढायचं निघालं.

पैसे भराभर जमले. कापड मार्केटात पार्सल उचलणाऱ्यांनीही दिले. पण दुकानवाल्यांना करसवलतीची पावती हवी, म्हणजे नोंदणी आली. सुरतेत करायची की धुळ्यात, यावर भरपूर वाद झाले. गंमत म्हणजे 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा दोन्हीकडे मुळात एकच. 1960 पर्यंत राज्यच एक होतं ना! काम गावात, म्हणून धुळ्याचं धर्मादाय कार्यालय धरलं. संस्थेला किमान सात सभासद लागतात, ते होतेच. पुढे देणगीदाराला करसवलत देणारी आयकराची 80जी मान्यता. रोख देणगीवर दोन हजारांपर्यंतच सवलत, त्यामुळे मोठ्या रकमा बँकेतूनच आल्या आणि हिशेबाची अर्धी भांडणं तिथेच मिटली.

खरी कसोटी गावात लागली. तलाव जिल्हा परिषदेचा, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव आधी हवा. 26 जानेवारीची सभा गाठली, तर एक आबा उठून म्हणाले, "पैसा तुमना, पन तलाव कोना?" सगळे गप्प. आबांचा रोख वेगळाच होता: ज्याच्या दारात ट्रॅक्टर, तोच सगळा गाळ नेणार. बरड जमिनीच्या लहान शेतकऱ्यांची यादी आधी लागली, तेव्हा कुठे ठराव झाला.

मेक्सिकोत 2002 पासून एक योजना होती: अमेरिकेत गेलेल्यांच्या मंडळाने एक पेसो घातला की केंद्र, राज्य आणि पालिका प्रत्येकी एक घालायच्या. आमची जुळणी साधी. पोकलेनचं भाडं आणि डिझेल मंडळाचं, वाहतूक शेतकऱ्याची, आणि 2017 च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेप्रमाणे गाळ फुकट. वाळू मात्र काढायची नाही. एका ट्रॉलीत गाळाखाली वाळू दिसली, तेव्हा ट्रॉली जागेवर रिकामी करेपर्यंत पोकलेन बंद ठेवलं. नात्यातलाच माणूस होता, अजून बोलत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी होते, तेव्हा डिझेलची बिलं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली. आता शाळेच्या खोलीचं चाललंय. तिथे शाळा व्यवस्थापन समितीला विचारावं लागेल. सुरतेतल्या पोरांना ते आत्तापासूनच सांगून ठेवलंय.