वाल का नाही लावले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि यापुढे कुणी विचारलं की हेच वाचायला देईन. फोंड्यातल्या आमच्या गच्चीवर कुंड्यांत ल्युपिन हे तुऱ्यांचं फुलझाड कशाला? अबोली का नाही, शेवंती का नाही? आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न : त्याच कुळातले वाल का नाहीत, निदान भाजी तरी झाली असती.

"थंड देशातलं झाड" म्हणणाऱ्यांना आधी उत्तर देते. फोटोत दिसतात ते जाडजूड रंगीत तुरे यॉर्कच्या जॉर्ज रसेलने तयार केलेल्या जातींचे, १९३७ साली त्याने प्रदर्शनात मांडलेले. त्यांना खरी थंडी लागते. आमच्याकडे डिसेंबरची रात्रसुद्धा २० अंशांच्या आसपास. ते मी लावतच नाही. माझं हार्टवेगी नावाचं ल्युपिन, मूळचं मेक्सिकोचं, एका हंगामाचं. पाऊस पुरता गेला की बियांची टणक साल पॉलिशपेपरवर जराशी घासायची, रात्रभर भिजवायचं आणि थेट खोल कुंडीत टोचायचं. सोटमूळ हलवलेलं त्याला खपत नाही. आपली लाल माती वाळू घालून चालते, चुना मात्र नको.

आता मावशींचं. ते तुम्ही ऐकलंय, पण त्यांच्या तोंडून.

शिगम्याला पाहुणे होते. ह्यांच्या मावशी सकाळी गच्चीवर वाळवण बघायला म्हणून गेल्या आणि ओटीत शेंगा घेऊन उतरल्या. मी आंघोळीला. बाहेर आले तर शिरा काढून, मोडून, मोहरीची फोडणी बसलेली, शेजारी खोबरं खवलेलं. मी गॅस बंद केला आणि कढई तशीच कचऱ्यात उलटी केली. सगळ्यांसमोर. "विषारी आहे ते," एवढंच बोलले. मावशींनी हात धुतले. म्हणाल्या, "विष पिकवतेस गो गच्चीवर? पोरंबाळं असलेल्या घरात?" आणि न जेवता गेल्या. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या नाहीत. सुनेने माझ्या हातची भाजी कचऱ्यात टाकली, असं त्या सांगतात. ते खोटं नाही.

यावर कुणीतरी हटकून म्हणतं, पोर्तुगीज तर बिअरबरोबर खातात. खातात, त्रेमोसु म्हणून. पण तो पांढरा ल्युपिन, आणि तोही उकडून, कडवटपणा जाईस्तोवर कितीतरी दिवस पाणी बदलत भिजवलेला. त्या कडूपणातच विष असतं. फोडणीने ते जात नाही. मग कढई उलटी करायची नाही तर काय, चव घ्यायची? पण मावशींच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

पूर्वी मी फार शहाणपणाने सांगायचे : अहो, मुळांवर गाठी येतात, हवेतला नत्र मातीत उतरतो, नंतर त्याच कुंडीत तांबडी भाजी काय फोफावते बघा! त्या बाईला आज विचारावंसं वाटतं, तू मुळं उपटून कधी बघितलीस का? मी बघितली. गाठी नव्हत्या. ल्युपिनला स्वतःचे वेगळे जिवाणू लागतात, ते आपल्या मातीत आपोआप असतीलच असं नाही. तांबडी भाजी फोफावते ती शेणखतावर.

मग उरतं काय? पान. हाताच्या बोटांसारखं पसरलेलं, आणि थंडीच्या सकाळी बरोबर मधोमध दवाचा एक टपोरा थेंब. फुलाचा भरवसा नसतो, मावा पडला की तुरा वाकडाच येतो. पान कधी फसवत नाही. "पानासाठी?" असं म्हणून तुम्ही एकमेकांकडे बघता, तेही मला दिसतं. आणि हो, थोडा हट्टही आहे. आता बंद केलं तर मावशींचंच खरं होईल.

यंदाही लावणार. फुलं गळायला लागली की तुरा कापून टाकीन, शेंग धरूच देणार नाही. म्हणजे घरचं बी नाही, दर वर्षी विकत आणायचं. ते केवढ्याला पडतं हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही.