पिळदार अंगासाठी बदललेला व्यायाम

गोव्यातल्या फोंड्यातील व्यायामशाळेत नियमित जाऊन माझे दंड आणि छाती भरली होती, परंतु पिळदार म्हणावे असे अंग काही दिसत नव्हते. व्यायाम संपताना आरशात दिसणारा ताठरपणा घरी पोहोचेपर्यंत ओसरत असे. आमच्या प्रशिक्षकांनी त्याचे कारण समजावले: अल्प विश्रांती घेऊन बारा-पंधरा रेप्सचे (आवर्तनांचे) सेट, म्हणजे सलग फेऱ्या, केले की स्नायूंत रक्त व द्रव साचून ते तात्पुरते फुगतात, यालाच 'पंप' म्हणतात, आणि तासा-दोन तासांत पूर्ववत होतात. टिकाऊ टणकपणा मात्र दोनच गोष्टींनी येतो, स्नायूंच्या तंतूंची खरी वाढ आणि त्यांच्यावरील चरबीचा थर पातळ होणे. 'घनता' वाढवण्याची खास युक्ती म्हणून जे विकले जाते, त्यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता.

स्क्वॉट (खांद्यांवर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणे), बेंच प्रेस (बाकावर निजून बार वर ढकलणे) आणि पुल-अप्स (दांड्याला लोंबकळून अंग वर ओढणे) हे मुख्य व्यायाम ठरले. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्के वजन घेऊन चार ते सहा रेप्स करायच्या, सेटच्या अखेरीस आणखी एखादी रेप निघेल इतकी ताकद राखायची आणि पुढच्या सेटपूर्वी तीन-चार मिनिटे बसून राहायचे, असा तो नेम होता. हे बसून राहणेच मला सर्वांत जड गेले, कारण शेजारचे लोक घाम गाळत असताना आपण पंख्याखाली रेंगाळतो आहोत असे वाटे. वजन खाली आणताना तीन सेकंद घ्यायचे आणि बेंचवर बार छातीला टेकल्यावर क्षणभर थांबायचे, एवढ्याने आधी सहज उचललेले वजनही एकाएकी जड झाले. खांद्यांची बाजू, पोटऱ्या आणि दंड यांसाठी मात्र आठ ते बारा रेप्सच ठेवल्या. तिथे फार जड वजन घेतल्यास ताण स्नायूंपेक्षा सांध्यांवरच अधिक येतो. प्रगती होत गेली तशी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट वाढवत गेलो. सुरुवातीला वाढलेली ताकद बहुतांशी मज्जासंस्थेच्या सरावाची होती, त्यामुळे आरशात लगेच काही दिसले नाही.

पावसाळ्यात गोव्याची दमट हवा आडवी आली. डेडलिफ्टचा बार ओल्या तळव्यांतून निसटे आणि पाठीआधी पकडच थकून जाई. फरशी पांढरी होते म्हणून व्यायामशाळेत खडूची पूड वापरायला मनाई होती, तेव्हा प्रत्येक सेटआधी तळवे आणि बार कोरड्या टॉवेलने पुसून शेवटच्या जड सेटपुरते बारला गुंडाळून पकड राखणारे मनगटी पट्टे वापरू लागलो.

आहारात रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ३०० कॅलरी कमी आणि शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने, एवढेच गणित पाळले. बांगडा आणि तारली यांवर ते एरवी सहज जमे; परंतु १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग असते, म्हणून अंडी, चिकन, दही आणि कुळीथ यांवर भागवले. हुमणातल्या (माशांच्या आमटीतल्या) नारळाचा हिशेब धरला नाही तर ३०० कॅलरींची बचत एका वाटीत संपते, हे घरच्यांना पटवणे बारपेक्षा जड होते. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) मी खाल्ल्या.

वजन उतरू लागल्यावर अनेक जण हलक्या वजनाकडे वळतात. मला तो सल्ला उलटा वाटतो. कमी खाल्ले जात असताना स्नायू टिकवण्याचा संकेत जड वजनच देते, म्हणून मी सेट घटवले, बारवरचे वजन घटवले नाही. शरीरसौष्ठव स्पर्धेआधी करतात तसा मीठ-पाणी तोडण्याचा प्रकारही सुचवला गेला होता; सतत घाम येणाऱ्या या हवेत तो धोकादायक वाटल्याने मी साफ नाकारला. पहिला फरक कोपराखालच्या हातांवर दिसला, तिथल्या शिरा पंपाशिवायही उठून दिसू लागल्या. मग खांदे, आणि पोट अगदी शेवटी. पोटऱ्या फारशा बदलल्या नाहीत. त्यांच्यासाठी आता टाच खाली नेऊन तळाशी ताण देत थांबण्याची पद्धत सुरू केली आहे.