तीन फूट आबा

कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. ती संपली की आमच्या पेठेत चार दिवस कुणाचा आवाज कुणाला ओळखू येत नसे, इतके सगळ्यांचे घसे बसलेले. मग मंडळाचा श्रमपरिहार. आता कोल्हापुरात श्रमपरिहार म्हटलं की तांबडा-पांढरा आलाच. पण अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपंधरवडा लागतो, आणि आमच्या मंडळातली जुनी माणसं त्यात मटणाला हात लावत नसत. मटण नाही तर मग काय, या अडचणीतून कुणीतरी सिनेमा काढला आणि तो वर्षानुवर्षं चालला. रविवारी सकाळी नऊचा खेळ, गल्लीच्या टोकाचं टॉकीज, अख्खं मंडळानं घेतलेलं. सिनेमा जुनाच असायचा, कारण नवा परवडत नसे.

मी सांगतोय ती वर्षं साधारण १९८३ ते १९९१ पर्यंतची. पास छापखान्यात गुलाबी कागदावर छापायचे, वर मंडळाच्या गणपतीचा ठोकळा. बारा वाजता टॉकीजचा स्वतःचा खेळ असे, त्यामुळं मालकाची अट एकच: साडेअकराला थिएटर झाडून परत द्यायचं. शेंगांची टरफलं उचलायचं काम आम्हा पोरांकडं. सिनेमाची पेटी मुंबईहून, नाझ टॉकीजच्या आवारातल्या एका वितरकाकडून यायची, शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. पत्र्याची पेटी, आत डब्यात रिळं, उचलायला दोघं लागायचे. स्टेशनवरून ती हातगाडीवर आणताना आम्ही पाच-सहा जण मागं चालायचो. गणपती आणतानासुद्धा एवढा मान नसेल.

बायका बाल्कनीत, बापये स्टॉलात, पोरं पडद्यासमोर फरशीवर. काकीला विचारलं, येणार का, तर ती म्हणे, "मी येतो की. जागा धरून ठेव, मी मागनं येतो." आमच्याकडं बायका असंच बोलतात, पुण्याची पाहुणी असली की हसून हसून बेजार.

तर सिनेमा. कोल्हापूरच्या माणसाला सिनेमाचं कौतुक वेगळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा इथं घडवला, १९२० सालच्या ‘सैरंध्री’साठी टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. (‘गेली’ हा शब्द आमचे म्हातारे अजून ‘पळवली’ अशा सुरात म्हणतात.) भालजी पेंढारकर मात्र गेले नाहीत. १९४८ साली जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, तरी त्यांनी तो इथंच पुन्हा उभा केला. त्यामुळं आमच्या पेठेत पडद्यावर नायक-नायिका कोण, हे फार कुणी बघत नसे. लोक मागची गर्दी बघायचे. कारण त्या गर्दीत आपलं माणूस असायचं. कुणाचा चुलता दरबारात चवरी ढाळत उभा, कुणाची बैलजोडी, कुणाच्या दारातला कट्टा. नायक आपलं मन मोकळं करतोय आणि स्टॉलातून आवाज येतोय, "अरे, ते आपलं खंड्या बैल!"

‘साधी माणसं’ लावला त्या वर्षी तर लोहार गल्लीतली झाडून सगळी माणसं आली होती. १९६५ चा भालजींचा सिनेमा, लोहार नवरा-बायकोची गोष्ट, आणि संगीत आनंदघन या नावानं खुद्द लता मंगेशकरांचं. भात्याचं गाणं लागल्यावर शिट्ट्यांची तयारी करून बसलो होतो, पण कुणी वाजवलीच नाही. माझ्या शेजारचा लोहार मामा मात्र गाणं सोडून जयश्री गडकरच्या हाताकडं बघत होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "भाता बरोबर वढतीया." त्याच्या दृष्टीनं सिनेमाची परीक्षा तिथं झाली.

पण मंडळाचा खरा सिनेमा दुसरा होता, भालजींचाच एक ऐतिहासिक. तो आम्ही दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मागवायचो, कारण त्यात आमचे आबा होते.

आबा तरुणपणी तालमीतले. स्टुडिओतून माणूस आला, घोड्यावर बसणारी धट्टीकट्टी पोरं पाहिजेत म्हणाला. दिवसाचे काही पैसे आणि दुपारची भाकरी. आबांना मावळा केलं, मिशी चिकटवली आणि दिला तो घोडा टांग्याचा. भालजी ‘कट’ म्हणाले तरी घोडा थांबेना. तो थेट आपल्या स्टँडवर जाऊन उभा राहिला, पाठीवर आबा, कमरेला तलवार. ही गोष्ट आबा दर वर्षी सांगत, आणि स्टँड दर वर्षी थोडं लांब जाई.

पडद्यावर आबा दिसायचे दोन सेकंद. सहाव्या रिळाच्या अगदी शेवटी टेकडीवरून स्वार उतरतात, त्यातला डावीकडून तिसरा. आणि ते केव्हा येणार, हे आम्हा पोरांना पक्कं माहीत होतं, कारण त्याआधी ठिपका यायचा. केबिनमध्ये मशीनं दोन, एक रीळ एकावर, पुढचं दुसऱ्यावर. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमके. तो प्रेक्षकासाठी नसे, ऑपरेटरसाठी असे. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटार चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की एका मशीनची झडप बंद, दुसऱ्याची उघडी. आबा या दोन ठिपक्यांच्या मधले. पहिला ठिपका आला की आख्खा स्टॉल तोंडात बोटं घालून तयार. मग टेकडी, मग घोडे, मग जो कल्लोळ व्हायचा त्यात पुढच्या रिळाचे पहिले दोन संवाद कायमचे गेले. त्या सिनेमात त्या ठिकाणी काय बोलतात, मला आजही माहीत नाही.

बाल्कनीत आजी, म्हणजे आबांची मंडळी, त्या वेळी हटकून शेंगा सोलत असे. बायका म्हणायच्या, अगं बघ की वर. ती म्हणे, "घरात बघतोय की रोज."

तिसऱ्या वेळी सिनेमा मागवला तेव्हा पेटी शनिवारी आली आणि दुपारी ऑपरेटर मामांचा निरोप आला, कुणीतरी केबिनमध्ये या. मी गेलो. केबिन म्हणजे भट्टी. मशीनच्या उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या, वरून तांब्याचा मुलामा, टोकाला टोक आणून जाळायच्या. त्यांच्यातलं अंतर सारखं राखावं लागे, नाहीतर पडदा पिवळा पडे. विझलेल्या कांड्यांची थुटकं आम्ही खेळायला नेत असू. मामांनी सहावं रीळ उलटं गुंडाळून शेवट हातात धरला होता.

रिळाची टोकंच आधी झिजतात, ते म्हणाले. दर खेळाला टोक मशीनमध्ये ओवायचं, दर गावचा ऑपरेटर वेगळा. तुटलं की दोन्हीकडच्या फाटक्या चौकटी, म्हणजे पट्टीवरची एकेक चित्रं, कापायच्या, कड खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायचं. प्रत्येक जोडाला दोन-चार चौकटी जातात. दुसरा ठिपका केव्हाच गेला होता, कुणीतरी खिळ्यानं खरवडून अलीकडं नवीन फुली मारली होती. म्हणजे त्या फुलीवर मशीन बदललं की आबा यायच्या आतच पुढचं रीळ चालू.

सेकंदाला चोवीस चौकटी, फुटाला सोळा. दोन सेकंद म्हणजे अठ्ठेचाळीस चौकटी, बरोबर तीन फूट. मामांनी शेवट बल्बसमोर धरला आणि आम्ही नखानं मोजलं. अकरा. पहिल्या चारांत नुसती टेकडी. पाचवीत घोड्याचं तोंड. आठवीपासून आबा, म्हणजे मुंगीएवढं पागोटं आणि वर केलेला हात. चार चौकटींचे आबा.

"मामा, फुलीवर बदलू नका. पार शेवटापर्यंत जाऊ द्या."

"पांढरा पडंल की पडदा."

"पडू दे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. धंद्यात पडदा पांढरा पडणं म्हणजे नाक कापल्यासारखं. शेवटी म्हणाले, "आबाला सांगू नगंस."

रविवारी ठिपका आला, फुली आली, मशीन बदललं नाही. टेकडी, काहीतरी हललं आणि लख्ख पांढरा पडदा, डोळे दिपले. स्टॉलानं शिट्ट्या वाजवल्या त्या बहुतेक त्या पांढऱ्या पडद्यावर. आबा माझ्या दोन रांगा पुढं होते. शेजारच्याला ढोसून विचारत होते, "दिसला न्हवं? दिसला न्हवं?" तो म्हणाला, "दिसला की, लख्ख."

पुढं नऊचा खेळ बंद पडला. टीव्ही आला, व्हिडिओ आला, टॉकीज पडलं, तिथं आता गाड्या लावतात. मंडळाच्या श्रमपरिहाराची तारीख पुढं ढकलून नवरात्रानंतर नेली आणि तांबडा-पांढरा सुरू झाला. आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली.

मागं मंडळाच्या पोरांनी हौसेनं तोच सिनेमा कुठून तरी मिळवला आणि तालमीत पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर दाखवला. प्रिंट कशी स्वच्छ, एक ओरखडा नाही, जोड नाही. आम्ही जुनी आठ-दहा माणसं पुढं बसलेलो. पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, ठिपका आला की शिट्टी. सगळे वरच्या उजव्या कोपऱ्याकडं डोळे लावून बसलो. ठिपका काही येईना. एकदम दरबार लागला, लोक बोलायला लागले, आणि आम्ही एकमेकांकडं बघतोय.

मागं खुर्चीत आजी होती. नव्वदीच्या घरात. म्हणाली, "गेलं की रं आत्ताच. डावीकडनं तिसरं. कुठं बघत हुता सगळी?"