माफी मिळते, मग तुमचं बरं आहे?

कारखान्यात चहाच्या वेळेला हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. "तुमच्यात बरं आहे. रविवारी चर्चमध्ये जायचं, माफी मागायची, खातं साफ." विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. पण त्यासाठी माझंच एक पाप सांगावं लागेल.

मी सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात हिशेब लिहितो. आधी जिथं होतो तिथं एकदा मालाच्या मोजणीत १२ डझन टॉवेल कमी भरले. घडी घालायला एक तेलुगू अक्का होत्या. संशय त्यांच्यावर गेला. दोन आठवड्यांचा पगार कापून त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या रात्री रजिस्टर चाळताना मला दिसलं, एकच गठ्ठा मी दोनदा जमा धरला होता. चोरीला काही गेलंच नव्हतं. मी रजिस्टर मिटलं आणि घरी आलो.

पुढचे कित्येक रविवार मी चर्चमधल्या मंडळीबरोबर पापांगीकार, म्हणजे पापाच्या कबुलीची प्रार्थना, म्हटला. सगळे मिळून म्हणतात, "आम्ही पाप केलं." त्या 'आम्ही'त लपायला जागा खूप असते. घरी एकटा असलो की बायबलमधलं ५१वं स्तोत्र वाचायचो. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला त्याचं पाप तोंडावर सांगितलं, त्यानंतरची ही दाविदाची प्रार्थना मानतात. त्यात तो देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलंय. ही ओळ मला फार सोयीची वाटली. मामला देवाचा आणि माझा. अक्कांचा त्यात संबंध काय? रडलोही. ते रडणं खोटं नव्हतं.

मग एकदा लक्षात आलं की दाविदानं ज्याची बायको बळकावून ज्याचा घात केला तो सैनिक उरीया तेव्हा मेलेला होता. दावीद त्याच्या दारात जाऊच शकत नव्हता. माझ्या अक्का जिवंत होत्या. आमच्या कारखान्यापासून अक्कलकोट रोडनं पुढं गेलं की कुंभारीचं विडी घरकुल, विडी कामगारांची वसाहत, तिथं राहत होत्या.

पश्चात्ताप या आपल्या शब्दात नंतर होणारा ताप आहे. बायबलच्या जुन्या करारात त्यासाठी जो हिब्रू शब्द येतो, शूब, त्याचा अर्थ मागं फिरणं. ताप मला भरपूर झाला होता. फिरलो मात्र नव्हतो. येशूनं तर स्पष्टच सांगितलंय : वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मत्तयाच्या शुभवर्तमानात, ५व्या अध्यायात आहे. लहानपणापासून पाठ होतं.

आधी मालकांना सांगितलं. त्यांनी कापलेला पगार काढून दिला. माझी नोकरी गेली, ते रास्तच होतं.

अक्का दारात बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मी बोलत असताना त्यांची बोटं थांबली नाहीत. पान, चिमूटभर तंबाखू, वळणं, दोऱ्याचा वेढा. पैसे त्यांनी मोजून घेतले. मग म्हणाल्या, "पोरीला शाळेत चोराची पोरगी म्हणले, अण्णा. ते कसं देणार?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

इथं मला येशूनं सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या मुलाची आठवण होते. बापाचा पैसा उडवून तो परत निघतो तेव्हा वाटेत बोलायचं ठरवून ठेवतो : मी तुमचा मुलगा म्हणायच्या लायकीचा नाही, मला मजुरांपैकी एक समजा. लूकानं १५व्या अध्यायात लिहिलंय. पण बापापुढं त्याचं मजुरीचं वाक्य येतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना उत्तम झगा आणायला सांगतो. आयुष्यभर मजुरीचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे फार लागतं. देवाची क्षमा ही कामाची मजुरी नाही. मी कुंभारीला गेलो म्हणून ती मिळाली, असं नाही. ती आधीपासून होती म्हणून माझे पाय तिकडं वळले, असं मी मनापासून मानतो. आणि ती होती म्हणूनच, अक्कांनी माफ नाही केलं तरी मी तिथून पळून जाणार नव्हतो.

मी विचारलं, "अक्का, मी काय करू?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "माझ्या दारात हळू आवाजात सांगितलं. आता बाहेर सांगा."

गल्लीत सात-आठ बायका दारादारांत विड्या वळत होत्या. मी मधोमध उभा राहिलो आणि सांगितलं. चूक माझ्या लिहिण्यातली होती, यांनी काही घेतलं नव्हतं, मला त्याच रात्री कळलं होतं आणि मी गप्प बसलो. शेवटचं वाक्य घशात अडकत होतं.

कोपऱ्यावरच्या एका म्हातारीला मराठी कळत नव्हतं. तिनं अक्कांकडं बघितलं. मग अक्कांनीच माझं सगळं बोलणं, पहिल्यापासून, तिला तेलुगूत सांगितलं.