जुना क्रमांक, नवी मालकीण

पणजीला पाटो येथील आमच्या कार्यालयात विमा ग्राहकांना उलट फोन करण्याचे काम चालते. संकेतस्थळावर ‘मला फोन करा’ हे बटण दाबून ज्याने क्रमांक दिला, तो क्रमांक खरोखर त्याचाच आहे का आणि फोनला त्याची संमती आहे का, हे पाहणे माझ्याकडे आहे.

त्या दिवशी आमच्या एका सहकारी मुलीने फोन लावून ग्राहकाचे नाव घेताच पलीकडून एक बाई म्हणाल्या, “या माणसाला मी ओळखत नाही. मी वाळपईला शाळेत शिकवते. जाहिरातीचे फोन नकोत म्हणून 1909 वर डीएनडी लावले, तरी तुमचे फोन येतातच.” फोन माझ्याकडे आला. “बाई, नोंद तपासतो आणि तोवर या क्रमांकावर फोन जाणार नाही असे बघतो,” एवढेच मी म्हणालो. त्यांचे नाव मी विचारले नाही. ज्यांनी आमच्याकडे काहीच मागितले नव्हते, त्यांनीच स्वतःची ओळख पटवून द्यावी, ही अपेक्षा उफराटी ठरली असती.

नोंद मात्र निर्दोष दिसत होती. विनंती त्याच सकाळची, संमतीच्या चौकटीत खूण, शेजारी ‘क्रमांक पडताळलेला’ अशी हिरवी पट्टी. नोंदीत खोलवर जाऊन पाहिले तेव्हा कळले की सकाळी ओटीपी गेलाच नव्हता. पूर्वी कधीतरी झालेली पडताळणी आमची यंत्रणा कायमची मानत होती. ग्राहकाला ईमेल केला. तो बोटीवर नोकरीला होता आणि जहाजावरच्या वायफायवरून त्याने पाठ असलेला जुना क्रमांक भरला होता. रिचार्जविना पडून राहिलेले प्रीपेड सिम बंद होते आणि त्यानंतर किमान 90 दिवस गेले की तो क्रमांक दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. (बँकेतही तोच क्रमांक असेल, तर आधी तो बदला, असे मी त्याला वेगळे कळवले.)

म्हणजे संमती खरी होती, फक्त ती देणाऱ्याचा त्या क्रमांकाशी संबंध उरला नव्हता. डीएनडीचा उपयोग का झाला नाही, तेही यातच आहे: ग्राहकाने स्पष्ट संमती दिली असेल, तर डीएनडी असूनही त्या कंपनीला फोन करता येतो, आणि आमच्या दप्तरी तशी संमती होती. क्रमांक पाहून तो गोव्यातला की महाराष्ट्रातला हेही उमगण्यासारखे नव्हते, कारण मोबाइलसाठी गोवा आणि (मुंबई वगळता) महाराष्ट्र हे एकच परिमंडळ, म्हणजे सर्कल, आहे.

मी पडताळणीची ती खूण काढली आणि क्रमांक रोखला. मात्र कायमचा नव्हे. उद्या त्या बाईंनाच विम्याची चौकशी करावीशी वाटली, तर स्वतः ओटीपी देऊन त्यांना ती करता आली पाहिजे.

प्रत्येक विनंतीला नवा ओटीपी मागितला तर लोक अर्ज अर्धवट सोडतील, अशी वरिष्ठांची हरकत होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना बंद पडलेल्या क्रमांकांची यादी वापरून आपल्या नोंदी स्वच्छ ठेवायला सांगितले आहे, हे मी पुढे केले. अखेर ओटीपी दर वेळी पाठवायचे ठरले. कोण फोन करणार आणि कशासाठी, हेही त्याच संदेशात लिहायचे. 0832 ने सुरू होणाऱ्या लँडलाइनवर संदेश पोहोचत नाही, म्हणून तिथे आकडे यंत्राच्या आवाजात ऐकवले जातात. फोन उचलणाऱ्याने स्वतःहून विनंती ओळखल्याशिवाय आमच्या मुली आता ग्राहकाचे नाव घेत नाहीत.